लोगो भाषेचा मुक्त दुभाषी : शोध आणि पारख

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचावयाचे भाषण)



सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाचे नाव महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला नवे नाही. 2015 च्या सुमारास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षकांचे जथे तेथील शाळा पाहण्यासाठी येत असत. मूल हे रिकामे मडके नव्हे. ते स्वतःच्या कृतीतून आणि अनुभवातून ज्ञानाची रचना स्वतःच करीत असते, हे ज्ञानरचनावादाचे तत्त्व तेथील जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांनी प्रत्यक्षात उतरवून दाखविले. पुढे गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, मुले जमिनीवर गटागटाने बसू लागली, आणि खडे, काड्या, चिंचोके यांना वर्गात मानाचे स्थान मिळाले.

ज्या तत्त्वाने आपल्याकडील वर्गांत खडे आणि चिंचोके आणले, त्याच तत्त्वाने त्यापूर्वी कित्येक वर्षे एका संगणकभाषेला जन्म दिला होता, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही. त्या भाषेचे नाव ‘लोगो’. चिंचोक्यांप्रमाणे हीदेखील बिनमोल मिळू शकते. तथापि चिंचोका चांगला की किडका हे ग्रामीण शिक्षकाला पाहताक्षणी कळते. संगणकावरील वस्तूची पारख करण्याची सवय अद्याप अनेकांना नाही. यास्तव लोगो ही भाषा कोणती, तिची मुक्त रूपे कोठे सापडतात, आणि त्यांतील खरे कोणते व फसवे कोणते हे कसे ओळखावे, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत भाषणात केला आहे.

भाषेचा जन्म

लोगोची निर्मिती 1967 साली अमेरिकेतील केंब्रिज या गावी ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेत झाली. वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ही तिच्या निर्मात्यांतील प्रमुख नावे होत. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील गणिती. 1958 ते 1963 या काळात त्यांनी जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्या सहवासात काम केले. डी.एड.च्या अभ्यासक्रमात पियाजे यांचे नाव प्रत्येक शिक्षकाने वाचलेले आहे. मूल कसे विचार करते याविषयीची पियाजे यांची दृष्टी पॅपर्ट यांनी संगणकाकडे नेली. संगणकाने मुलाला शिकवावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मुलाने संगणकाला शिकवावे आणि त्या ओघात स्वतः शिकावे, असे होते. हा विचार त्यांनी 1980 साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात सविस्तर मांडला.

लोगोच्या पडद्यावर एक कासव असते. मूल त्याला आज्ञा देते आणि कासव चालत जाऊन मागे रेघ काढते. ‘फॉरवर्ड 100’ म्हटले की ते शंभर पावले पुढे जाते; ‘राइट 90’ म्हटले की जागच्या जागी उजवीकडे काटकोनात वळते. ‘रिपीट 4 [फॉरवर्ड 100 राइट 90]’ एवढ्या एका ओळीत चौरस तयार होतो. आठ-दहा शब्द आले की मूल चित्रे काढू लागते; पुढे त्याच भाषेत मोठ्या विद्यार्थ्यांना गंभीर संगणकशास्त्रही शिकता येते. तिची पायरी बसकी असली तरी घर लहान नाही.

भारतात शालेय संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न 1984 साली ‘क्लास’ या केंद्रीय योजनेने झाला. त्या योजनेत निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे देण्यात आली. नंतरच्या काळात शहरांतील अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लोगो शिकविली गेली. वाड्यावस्त्यांवरील मराठी शाळेपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. 2007 साली पॅपर्ट यांच्याच परंपरेतून ‘स्क्रॅच’ ही चित्रठोकळ्यांची भाषा आली आणि शहरी शाळाही तिकडे वळल्या. अशा रीतीने जी भाषा खेड्यात कधी आलीच नाही, ती शहरात विस्मृतीच्या वाटेला लागली.

मग आज तिचा शोध कशासाठी घ्यावयाचा? स्क्रॅच उत्तमच आहे आणि जेथे नवे यंत्र व चांगले इंटरनेट आहे तेथे ती अवश्य वापरावी. परंतु पाटण तालुक्यातील डोंगरावरील एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. तेथे दहा-बारा वर्षांपूर्वी देणगीरूपाने मिळालेला एकच संगणक आहे. पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेट क्वचितच लाभते. अशा यंत्रावरही लोगो सुखेनैव चालते; तिला इंटरनेटची गरज नाही आणि स्मृतीही अत्यल्प लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक स्तरावर संगणकीय विचार व आज्ञावली-लेखन यांचा समावेश सुचविला आहे. ते घडेल तेव्हा डोंगरावरील मूल रिकाम्या हाताने उभे राहू नये, एवढीच अपेक्षा आहे.

भाषा आणि दुभाषी

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट करणे इष्ट आहे. लोगो ही भाषा आहे, वस्तू नव्हे. यंत्राला ती उपजत कळत नाही. मुलाने लिहिलेली आज्ञा वाचून ती यंत्राला समजावणारी एक आज्ञावली मध्ये असावी लागते. तिला दुभाषी म्हणता येईल. भाषा एकच असली तरी दुभाषी अनेक असू शकतात, आणि लोगोचे दुभाषी आजवर शेकडोंनी झाले. त्यांतील पुष्कळ विकाऊ होते. ते ज्या यंत्रांसाठी बनले ती यंत्रे भंगारात गेली आणि त्यांच्याबरोबर दुभाषीही गेले. त्यांचा मूळ मजकूर कंपन्यांनी प्रकट केला नसल्यामुळे दुसऱ्या कोणालाही ते नव्या यंत्रासाठी दुरुस्त करता आले नाहीत.

म्हणून ‘लोगो कोठे मिळेल?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘लोगोचा मुक्त दुभाषी कोठे मिळेल?’ असा प्रश्न विचारावयास हवा.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन अर्थ दाखविले जातात आणि त्यामुळे तेथे बराच घोटाळा होतो. मराठी या बाबतीत भाग्यवान आहे. तिच्यात ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांतील अंतर शेतकऱ्याच्या घरातील कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

बियाण्याचे उदाहरण घ्यावे. एखादी कंपनी पहिल्या वर्षी संकरित बियाण्याची पिशवी फुकट देते; परंतु त्या पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर तसे पीक येत नाही. दरसाल पिशवी घ्यावीच लागते. याउलट घरच्या कणगीतील शाळूचे बी राखता येते, पेरता येते, शेजाऱ्याला पसाभर देता येते, आणि चांगली कणसे निवडून सुधारताही येते. पहिले बी फुकट होते. दुसरे मुक्त आहे.

संगणकाच्या आज्ञावलींतही असेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली अमेरिकेत मुक्त आज्ञावलींची चळवळ सुरू केली. त्या चळवळीने मुक्ततेची चार लक्षणे सांगितली आहेत. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याची मोकळीक, तिचा मूळ मजकूर अभ्यासून त्यात बदल करण्याची मोकळीक, तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याची मोकळीक, आणि स्वतः सुधारलेली प्रतही वाटण्याची मोकळीक. ही चार लक्षणे कायद्याच्या भाषेत बांधणारी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ ही सनद 1989 साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे मिळालेली आज्ञावली केंद्रातील सर्व शाळांना वाटणे हा अपराध तर नाहीच, उलट सनदेनेच त्याला अनुमती दिली आहे.

या गोष्टीचे नैतिक महत्त्वही शिक्षकाने ओळखावे. विकाऊ आज्ञावलीची चोरटी प्रत वर्गात लावून ‘चोरी करू नये’ हा पाठ शिकविता येत नाही. मुले फळ्यापेक्षा शिक्षकाच्या हाताकडे अधिक पाहतात. मुक्त आज्ञावली वापरणारा शिक्षक मात्र मुलाला निःसंकोचपणे सांगू शकतो, “ही प्रत घरी ने, दादाच्या संगणकावर घाल, मामाच्या गावच्या शाळेलाही दे.”

पारखेच्या पाच कसोट्या

इंटरनेटवर लोगोचे नाव टाकताच डझनावारी ठिकाणे समोर येतात. त्यांतून निवड करताना पुढील पाच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी सनदेची. आज्ञावलीबरोबर ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ या नावाची फाइल आहे का, हे प्रथम पाहावे. तिच्यात जनरल पब्लिक लायसन्स, एमआयटी किंवा मोझिला अशा मान्य सनदेचा उल्लेख असल्यास चिंता नाही. ‘तीस दिवसांपुरते’, ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’, ‘शाळांसाठी वेगळे शुल्क’ असे शब्द आढळल्यास ती वस्तू फुकट असेल, मुक्त नव्हे.

दुसरी कसोटी उगमाची. नदीचे पाणी उगमाशी निर्मळ असते, हे कृष्णाकाठच्या शिक्षकाला सांगावयास नको. दुभाषी त्याच्या निर्मात्याच्या किंवा निर्मात्या मंडळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. वाटेतील आज्ञावली-संग्रहांची ठिकाणे जाहिराती आणि कधीकधी विषाणूही सोबत चिकटवून देतात. उगमाशी मूळ मजकूरही ठेवलेला असावा. तो नसेल तर पहिली कसोटी पुन्हा तपासावी.

तिसरी कसोटी जिवंतपणाची. शेवटची आवृत्ती केव्हा निघाली, सापडलेले दोष कोणी दुरुस्त करतो का, प्रश्न विचारल्यास उत्तर मिळते का, हे पाहावे. वस्तीत माणसे असली तरच घर शाकारले जाते.

चौथी कसोटी यंत्राची. शाळेतील जुन्या संगणकावर, इंटरनेटविना, ती आज्ञावली प्रत्यक्ष चालवून पाहावी. केंद्रशाळेतील नव्या यंत्रावर चालली म्हणून वाडीवर चालेलच असे नाही.

पाचवी कसोटी भाषेची. जत तालुक्याच्या सीमेवरील गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुले असतात. त्यांच्या दृष्टीने संगणकाची इंग्रजी ही तिसरी भाषा होय. कासवाशी बोलताना एखादे मूल विचारील, “बाई, कासवाला फक्त इंग्रजीच कळतं का?” या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देण्याची सोय ज्या दुभाष्यात आहे, तो अधिक मोलाचा समजावा.

हाती लागणारे दुभाषी

या कसोट्यांवर उतरणारे काही दुभाषी असे आहेत.

‘यूसीबीलोगो’ हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत ब्रायन हार्वे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि जनरल पब्लिक लायसन्सखाली मिळतो. हार्वे यांनी लोगोवर लिहिलेला ‘कॉम्प्युटर सायन्स लोगो स्टाइल’ हा तीन भागांचा ग्रंथही त्यांनी वाचकांसाठी इंटरनेटवर खुला ठेवला आहे. ज्या शिक्षकाला भाषेचा सखोल अभ्यास करावयाचा आहे त्याने येथून आरंभ करावा. लहान मुलांना मात्र त्याचा पडदा रूक्ष वाटेल.

‘एफएमएसलोगो’ हा विंडोजवर चालणारा दुभाषी प्राथमिक शाळेला विशेष सोयीचा आहे. तो आकाराने लहान असून जुन्या यंत्रावरही चालतो. त्याची वंशकथा मुक्ततेचा अर्थ उत्तम रीतीने स्पष्ट करते. जॉर्ज मिल्स यांनी यूसीबीलोगोचा गाभा घेऊन विंडोजसाठी ‘एमएसडब्ल्यूलोगो’ तयार केला. तो जगभर शाळाशाळांत गेला. कालांतराने मिल्स यांनी त्यावरील काम थांबविले. विकाऊ वस्तू असती तर तेथेच तिचा शेवट झाला असता. परंतु मूळ मजकूर प्रकट असल्यामुळे डेव्हिड कॉस्टॅन्झो यांनी तो हाती घेतला, दोष काढले, आणि एफएमएसलोगो या नव्या नावाने पुढे चालविला.

अशा प्रकाराला आज्ञावलींच्या जगात शाखा फुटणे म्हणतात. सातारा-सांगलीच्या लोकांना ते समजण्यास कठीण नाही. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा होऊन संस्थानी मुलूख त्याला जोडला गेला आणि दक्षिण सातारा जिल्हा झाला. 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. नाव बदलले, कारभार बदलला, पण माती आणि कृष्णा तीच राहिली. यूसीबीलोगोपासून एफएमएसलोगोपर्यंतचा प्रवास असाच आहे. मूळ धनी थांबला तरी पाणी वाहत राहिले.

‘केटर्टल’ हा केडीई या जागतिक स्वयंसेवी मंडळीचा दुभाषी 2003 च्या सुमारास सुरू झाला. तो मुख्यत्वे लिनक्सवर वापरला जातो. त्याची भाषा लोगोची सख्खी नसून चुलत बहीण आहे. ‘राइट’ऐवजी ‘टर्नराइट’ लिहावे लागते आणि चौकोनी कंसांच्या जागी महिरपी कंस येतात. साताऱ्याची बोली आणि जतची बोली यांत जेवढा फरक, तेवढाच हा समजावा. आज्ञांचे शब्द वापरणाऱ्याच्या भाषेत अनुवादित करता यावेत, अशी सोय त्याच्या रचनेतच आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केटर्टलवरील पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध केले आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या शिक्षकासाठी हा सर्वांत सुगम मार्ग होय.

‘लिब्रेलोगो’ शोधण्यासाठी तर दूर जाण्याचीही गरज नाही. लिब्रेऑफिस ही पत्रे व तक्ते लिहिण्याची मुक्त आज्ञावली अनेक कार्यालयांतून वापरात आहे. हंगेरीतील लास्लो नेमेथ यांनी तयार केलेला हा दुभाषी 2013 साली लिब्रेऑफिसच्या 4.0 या आवृत्तीपासून तिच्यातच समाविष्ट झाला. ‘रायटर’ उघडून ‘व्ह्यू’मधील ‘टूलबार्स’ या यादीत ‘लोगो’ निवडले की कासव कागदावर येऊन उभे राहते. स्थापनेच्या वेळी तो भाग वगळला गेलेला नाही, एवढे पाहून घ्यावे.

शेवटचा पर्याय ‘पायथॉन’चा. ही स्वतंत्र व अतिशय प्रचलित मुक्त भाषा असून तिच्याबरोबर कासवाचा एक संच येतो. जतच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे शिक्षकाला स्वतःच घडविता येते. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे 2008 नंतरच्या आवृत्त्यांत, नावे देवनागरी अक्षरांत लिहिता येतात. आरंभी कासवाचा संच मागवून घ्यावा आणि ‘पुढे = फॉरवर्ड’, ‘उजवीकडे = राइट’ अशा दोन ओळी लिहून ठेवाव्यात; त्यांत डावीकडचा शब्द देवनागरीत आणि उजवीकडचा मूळ इंग्रजी लिपीत असावा. त्यानंतर मुलाने ‘पुढे(100)’ लिहिले की कासव निमूटपणे पुढे जाते. अंक तेवढे इंग्रजी वळणाचे ठेवावेत. कन्नड लिपीतील शब्दही याच रीतीने शिकविता येतात.

यंत्र जाते, विद्या राहते

महाराष्ट्रातील एका छोट्या शाळेचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. 2007 साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. वीसेक मुलांची ती शाळा. मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक मिळाले. त्यांवरील शैक्षणिक आज्ञावली मुक्त होत्या आणि त्यांत कासवाचीही एक होती. पॅपर्ट यांचा विचार अशा रीतीने सह्याद्रीच्या वाडीपर्यंत येऊन पोहोचला.

तो जागतिक उपक्रम नंतर मंदावला आणि ती छोटी यंत्रे जुनी झाली. यंत्राचे तसेच होत असते. परंतु त्यांवरील कासवाची आज्ञावली मुक्त असल्यामुळे तिची नवी पिढी ‘टर्टल ब्लॉक्स’ या नावाने आज साध्या ब्राउझरमध्येही चालते. शाळेला देणगी देणारे पुष्कळदा यंत्राची किंमत सांगतात. शिक्षकाने त्यांना आदरपूर्वक विचारावे की, यंत्र बंद पडल्यावर शाळेच्या हाती काय उरेल? विकाऊ आज्ञावलीने भरलेले यंत्र बंद पडले की काही उरत नाही. मुक्त आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर जाते आणि मुलाची विद्या खंडित होत नाही.

हे केवळ एका शाळेपुरते नाही. केरळ राज्याने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले आणि हजारो शाळा त्यावर चालविल्या. सांगलीतही वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात मुक्त आज्ञावलींचा प्रसार करणारे ‘वालचंद लिनक्स यूझर्स ग्रुप’ हे विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. अशा तरुणांकडे अडचण घेऊन जाण्यात शिक्षकाने संकोच बाळगू नये.

वर्गातील उपयोग

दुभाषी मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. एकाच संगणकावर वर्ग कसा चालवावा, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर अंगणात आहे.

प्रथम एका मुलाने कासव व्हावे. दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात, “पुढे पाच पावले. उजवीकडे काटकोन.” तिसऱ्याने खडूने रेघ ओढावी. चौरस पायाने जमला की दोघादोघांनी संगणकापाशी जावे आणि उरलेल्यांनी पाटीवर पुढील आकृतीची आज्ञा लिहावी. संगणक एक असला तरी विचार करणारी डोकी वीस असतात.

नंतर समभुज त्रिकोण द्यावा. बहुतेक मुले लिहितील, ‘रिपीट 3 [फॉरवर्ड 100 राइट 60]’. कारण समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे त्यांनी पाठ केलेले असते. कासव तीन रेघा काढील, पण त्रिकोण होणार नाही. उघड्या तोंडाच्या वाटीसारखी आकृती उमटेल. या क्षणी शिक्षकाने उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. मुलांना पुन्हा अंगणात न्यावे आणि त्रिकोणाच्या कडेने चालावयास सांगावे. कोपऱ्यावर आल्यावर आपण कोनाच्या आत वळत नाही, बाहेरून वळतो, हे पायाला कळते. तिन्ही कोपरे वळून झाल्यावर तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला येते, म्हणजे एक पूर्ण फेरी, तीनशे साठ अंश. त्याचे तीन समान भाग केले की एकशेवीस. मग चौरसाला नव्वद का, आणि षट्कोनाला किती, हे मुले आपण होऊन शोधतात.

षट्कोनाचे उत्तर साठ येते. पहिल्या मुलाने चुकून काढलेली उघडी वाटी अर्धा षट्कोन होती, हे तेव्हा उलगडते. त्याचे उत्तर चुकलेले नव्हते. ते दुसऱ्या एका प्रश्नाचे बरोबर उत्तर होते. तांबड्या शाईची फुली मारून हे शिकविता येत नाही. कासव रागावत नाही, हसत नाही. दिलेली आज्ञा पाळून दाखविते आणि पुन्हा प्रयत्न करण्यास मोकळे सोडते. गणिताच्या भीतीने शाळा सुटलेल्या मुलांची आठवण प्रत्येक शिक्षकापाशी असते. त्या भीतीवर हा एक साधा उपाय आहे.

समारोप

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि गरीब विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमावर ताठ मानेने शिकावे, हा आदर्श या भूमीत रुजविला. शतकानंतर साधने बदलली तरी तो आदर्श बदललेला नाही. दरसाल परवान्यासाठी हात पसरणारी, किंवा चोरट्या प्रतीवर निभावून नेणारी शाळा स्वावलंबी म्हणता येणार नाही. जे बी राखता येते, वाटता येते आणि सुधारता येते, तेच शाळेच्या कणगीत असावे.

यासाठी मोठ्या खर्चाची वा वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्रातील एका शिक्षकाने इंटरनेट असलेल्या ठिकाणी जाऊन पाचही कसोट्या लावून एक दुभाषी उतरवून घ्यावा. त्याची सनद आणि शक्य तर मूळ मजकूरही त्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवावा. पुढच्या शिक्षण परिषदेत तो इतर शाळांना द्यावा. देताना तो कोठून घेतला आणि कोणती आवृत्ती आहे, याची नोंद वहीत करावी. आणि त्याबरोबर आपल्या शाळेतील एखाद्या मुलाने काढलेला पहिला त्रिकोणही आणावा, मग तो उघड्या वाटीसारखा असला तरी चालेल.